न टोचलेली गाठ

प्रिय वन्सं,

दुखणं तुमच्यापासून लपवलं, रागावू नका. मांडीवरच्या तिळाचा कॅन्सर निघाला. एक गाठ मांडीत, दुसरी काखेत. डॉक्टरीणबाईंनी मांडीतल्या गाठीत मुद्दाम बदल केलेला विषाणू टोचला, काखेतलीला सुईही लावली नाही. आज तपासलं, तर काखेतलीही निम्मी झालेली!

"हे कसं काय?"

"विषाणूने मांडीतली गाठ फोडली, तेव्हा शरीराला कॅन्सरची ओळख पटली. आता ते त्याला अंगभर शोधतंय."

"म्हणजे लेकी बोले सुने लागे!" मी म्हटलं. त्या खळखळून हसल्या. मला मात्र आपलं स्वयंपाकघर आठवलं. दूध माझ्या हातून उतू जायचं आणि सासूबाई तुम्हाला झापायच्या. तुम्ही मान खाली घालून ऐकायचात आणि पाठीमागून मला चिमटा काढायचात. हसू दाबताना माझा जीव जायचा. मला त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण दूध उतू जायचं थांबलं.

फुफ्फुसावर एक ठिपका अजून आहे. तो विरेपर्यंत हे पत्र उशीखालीच. आत्ता कळलं तर तुम्ही धावत याल, तुमच्या भावाला फैलावर घ्याल, आणि लागेल ते मला.

जिच्या वाट्याची बोलणी तुम्ही खाल्लीत, ती
तुमची वहिनी