एकही चूक नाही, म्हणजे चुकलंच

सोम. १२ जाने.
आज प्रज्ञा वर्कशॉपच्या दारात हेल्मेट काढून उभी राहिली आणि आपलं सगळं बदललं. मी सेकंड इयरला फिजिक्सच्या सरांशी भांडून कॉलेज सोडलं, त्यानंतर आज पहिल्यांदा दिसली. एम.एस्सी.ला आहे आता. प्रयोगातले आरसे बसवायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी हवी. "जराही हलायला नको हं, विक्या." विक्या म्हणाली! अख्ख्या नागापूर एमआयडीसीत तिला आमचंच दुकान सापडावं?
काका (आमचे मालक) म्हणाले, "इकास, ध्यान कुठं हाय रं? आधी लेथ बंद कर."

बुध. १४
पट्टी घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये. सर रजेवर, बरं झालं. सोबत आईचे तिळगूळ. प्रज्ञाने दोन खाल्ले, एक ओढणीच्या गाठीत.
प्रयोग असा. लेसरचे अगदी मंद झोत, दोन प्रकारचे. एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, बाकी फरक काही नाही. आलेला झोत कुठला, ते ओळखायचं. म्हणे जगातलं कुठलंही यंत्र कधी ना कधी चुकणारच. मी भडकलो.
"मग चांगलं यंत्र आणा की!"
"यंत्राचा दोष नाही रे. इतका मंद प्रकाश असाच असतो. चूक कमीत कमी किती, तेवढंच आपल्या हातात."
असं कुठं असतंय का?

शनि. १७
युक्ती कळली. लई भारी. आपला स्वतःचा प्रकाश असा मिसळायचा की पहिला प्रकार पुरता विझून जातो. मग प्रकाशाचे कण मोजणारा काउंटर वाजला की दुसरा, पक्कं. गप्प राहिला तर पहिला म्हणायचं. पण दुसराही मंदच ना, तोही कधी कधी गप्प बसतो. तिथं आपण फसतो. आणि 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही, प्रत्येक झोताला उत्तर द्यायचंच.
निघताना सहज बोलली, २५ला बंगळुरू, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट.
सहज! आठच दिवस उरले. म्हणजे मी तिला आवडतो का, ते त्याआधी विचारायलाच हवं.

मंगळ. २०
घोळ. ती लेक्चरला गेली, मी एकटा. काउंटर फारच कमी वाजतोय वाटलं. लेसरपुढे उजेड मंद करायला काळ्या काचा तीन होत्या, एक काढली. काय वाजायला लागला! आणि चूक? एकही नाही. ती येताच ओरडलो, "शून्य!"
तिने आधी काचा मोजल्या.
"वेडा आहेस का? उजेड वाढवल्यावर आंधळासुद्धा ओळखेल. चूक शून्य आली म्हणजे प्रयोगच गेला!"
मीही बोललो बरंच काही. दार आपटून गेटपर्यंत गेलो. गेटवर एक वडापाव घेतला आणि परत फिरलो. ती हसली. मोठा तुकडा मला दिला. (पण त्यातच मिरची होती. मग काय समजायचं?)

शुक्र. २३
काच परत जागेवर, चुकाही परत. चुका आल्या म्हणून टाळ्या पिटणारे आम्ही दोघंच. गणिताने ठरवलेल्या तळाच्या जरा वर आमचा आकडा. या युक्तीने तिथंच यायला हवा, म्हणते.
दुपारी प्रज्ञाचा सेमिनार. सर पहिल्या रांगेत. "एवढ्या चुका कशा काय?"
डोकं फिरलं. मागून उठलो. "सर, चुका नको असतील तर एक काच काढतो, लगेच जातील!"
सगळे हसले. सरसुद्धा. जाताना म्हणाले, "ॲडमिशनचा फॉर्म भर की परत." बघतो म्हटलं. प्रज्ञा तेव्हा माझ्याकडे बघत होती. की माझ्यामागच्या घड्याळाकडे...

रवि. २५
तिची संध्याकाळची बस. मी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत. मेसेज आला: "जाण्याआधी भेटते. खाली ये."
ठरवलं होतं, पक्कं कळल्याशिवाय विचारायचं नाही. चार दिवस तिचं हसणं, बघणं, विक्या म्हणणं, सगळं तोलून पाहिलं. प्रत्येक गोष्ट हो म्हणूनही बसते, नाही म्हणूनही. माझ्या मित्राला, विनूला सांगून प्रज्ञाच्या मैत्रिणीला विचारायचं होतं. नाही विचारलं. ती काच काढण्यासारखंच झालं असतं.
माझा कौल: हो. आतून एवढंच येतंय. चुकलो तर चुकलो.
खाली तिच्या गाडीचा हॉर्न वाजला. खालून काका ओरडतायत, "आरं जा की! पोरगी काय दिसभर हुबी ऱ्हानार हाय?"
शर्टाचं वरचं बटण तुटलं, असू दे. वही ठेवली. निघालो, दार ओढून घेतो.