कुलूप लावूनही वाढलेली साखर

आई,

तू रात्री उठून काही खात नव्हतीस. हे मला आता पक्कं कळलंय. ज्यांना ते ठणकावून सांगावं अशी माणसं फारशी उरलेली नाहीत, म्हणून तुलाच सांगते आहे. तुला ते पहिल्यापासून माहीत होतं, ही गोष्ट वेगळी. पण तेव्हा तुझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, आणि आता माझ्या दंडावर एक पांढरी चकती चिकटवलेली आहे, ती तुझ्या बाजूने बोलते. ते कसं, हे सावकाश सांगते.

सदाशिव पेठेतलं आपलं स्वयंपाकघर मला आठवतं ते सकाळचं. बाहेर अजून नीट उजाडलेलं नाही, आत दोन्ही शेगड्या पेटलेल्या, आणि तू परातीत कणीक तिंबते आहेस. त्या वर्षांत पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. देश खुला झाला, असं पेपरात येत होतं. आपल्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की लातूर, जळगाव, सांगलीकडची मुलं ते क्लास करायला येत आणि दोन्ही वेळा तुझ्या खानावळीत जेवत. जेवताना ती कॉम्प्युटरबद्दलच बोलायची. तू वाढता वाढता ऐकायचीस आणि रात्री मला म्हणायचीस, की हे जे काय आहे ते तूही शिकून घे, पोळ्या लाटण्यापेक्षा बरं दिसतंय. मी शिकले. माझं सगळं आयुष्य पुढे त्या एका वाक्यावर उभं राहिलं, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज साखरेबद्दलच.

तुला शुगर निघाली ती उन्हाळ्यात. सारखी तहान लागायची, आणि त्याला आपण सगळे शेगडीची धग म्हणत होतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासणी करायला लावली, गोळ्या दिल्या आणि साखर, भात, बटाटा बंद करून पोळी अर्ध्यावर आणायला सांगितली. पथ्य पाळावं तर तुझ्यासारखं. दिवसभर दुसऱ्यांसाठी पोळ्यांची चळत रचायचीस आणि स्वतः पातळ आमटी, पालेभाजी, काकडी आणि दही घेऊन बसायचीस. आज त्याला लो-कार्ब म्हणतात आणि त्याची पुस्तकं निघतात. रविवारच्या फीस्टचं श्रीखंड करायचीस तेव्हा गोडी बघायला मला हाक मारायचीस, स्वतः बोटसुद्धा लावायची नाहीस. जेवणानंतरची साखर महिन्या-दोन महिन्यांत खाली आली. उपाशीपोटीची, सकाळची मात्र जिथल्या तिथे. उलट कधी कधी ती जेवणानंतरच्यापेक्षा जास्त यायची.

डॉक्टरांच्या समोर तू, बाबा आणि मी बसलोय. डॉक्टर रिपोर्टकडे बघतात, मग चष्म्यावरून तुझ्याकडे. रात्री झोपल्यावर काय काय खाता, असं विचारतात. तू सांगतेस, काहीच नाही. ते म्हणतात, "बाई, मग ही साखर काय भिंतीतून येते?"

तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "कुठून येते ते तुम्ही सांगायचं. शिकलायत तुम्ही."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.  घरी परतल्यावर जिना चढता चढता बाबांनी हळूच काढलं, की रविवारी उरलेलं श्रीखंड सोमवारी सकाळी कमी झालेलं असतं, ते आपण पाहिलंय. फ्रीजमधलं ते स्टीलचं पातेलं. तुझ्यावरचा एकुलता एक पुरावा. तू जिन्यात थांबलीस, त्यांच्याकडे पाहिलंस, आणि भराभर वर निघून गेलीस. मला वाटलं, तू चिडली आहेस.

दुसऱ्या दिवशी तू मंडईतून भाजीबरोबर एक पितळी कुलूप घेऊन आलीस. स्वयंपाकघराचं दार रात्री ओढून घेतलंस, कुलूप घातलंस आणि किल्ली समोरच्या काकूंना नेऊन दिलीस. काकू म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. शिस्तीत त्या कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या, म्हणून तर तू त्यांना निवडलंस. पहिल्या रात्री त्यांनी किल्ली उशीखाली ठेवली. पण खानावळीतल्या मुलांच्या डब्यांसाठी तुला पहाटेच स्वयंपाकघर उघडावं लागायचं, म्हणजे काकूंना पहाटे उठणं आलं. दोन दिवसांत त्यांनी जाहीर केलं, की तुमची साखर तपासायची म्हणून माझी झोप जाते आहे, तेव्हा निदान पहिला चहा मला मिळाला पाहिजे. मग रोज पहाटे आपल्या ओट्याशी काकू शालीत गुंडाळून चहा पीत उभ्या, आणि तू पाठमोरी कणीक तिंबते आहेस. मी अंथरुणातून तुमची कुजबुज ऐकायची. खरं सांगायचं तर घरात तेव्हा मजा यायला लागली होती. एक माणूस खोटं बोलतंय असा संशय घरात आहे आणि तरी सगळे हसतायत, असे ते दिवस होते.

आठवडा झाल्यावर तू उपाशीपोटी जाऊन रक्त दिलंस. साखर होती तेवढीच. काकूंना साक्षीला घेऊन तू दवाखान्यात गेलीस, सगळी हकीकत सांगितलीस. काकूंनीही शाळेच्या आवाजात सांगितलं, की किल्ली माझ्या उशीखाली होती. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "कुलपाला दोन किल्ल्या असतात." तू त्या दवाखान्यात परत पाऊल टाकलं नाहीस. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागलीस. ते बिचारे काही न विचारता गोळ्या द्यायचे. पुढची कितीतरी वर्षं तुझी तब्येत चांगली होती. तू गेलीस ती साध्या तापाचं निमित्त होऊन, आणि तोवर मला हिंजवडीत नोकरी लागून वर्ष होऊन गेलं होतं. पण तेवढी एक गोष्ट तशीच राहिली. घरात कधी चोरून खाण्याचा विषय निघाला की बाबा तुझ्याकडे बघायचे, आणि तू भाजी निवडत राहायचीस.

आता माझं ऐक. मलाही शुगर निघाली. तुझीच मुलगी, निघणारच. कंपनीच्या वार्षिक तपासणीत कळलं. डॉक्टर माझ्याहून खूप लहान, मुलगीच म्हण. तिने नीट बसवून सगळं समजावलं आणि पोळी, भात, पोहे, साबुदाणा यांच्यापासून लांब राहायला सांगितलं. मी जसजशी कमी खात गेले तसतशा तिने गोळ्याही उतरवत आणल्या. मी काय काय करते ते तू बघायला हवं होतंस. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणते. बदामाच्या पिठाची पोळी करायला जाते, ती तव्यावरच मोडते, आणि तुझी एकही पोळी कधी फाटलेली मी पाहिली नव्हती हे मला प्रत्येक वेळी आठवतं. सकाळी अंडी, दुपारी पनीर आणि भरपूर मेथी, संध्याकाळी दुधी, ताक, मूठभर शेंगदाणे. शनिवारी मुद्दाम मंडईत जाते. एवढे फ्लॉवर बघून भाजीवाल्या बाईंनी विचारलं, की घरी काही कार्य आहे का. बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असतो. त्यांची पोळी वेगळी करते, पण ते हटकून माझ्या ताटातला फ्लॉवरचा भात मागून घेतात आणि दरवेळी सांगतात, की हा भात नाही.

दोन महिन्यांत वजन उतरलं, जेवणानंतरचे आकडे सुरेख झाले. सकाळचा तेवढा हलेना. रात्री झोपताना शंभरच्या आसपास असलेली साखर सकाळी उठून बघावी तर दीडशेकडे निघालेली. मधे पोटात पाण्याशिवाय काही नाही. मी जेवण आणखी कमी केलं, तर आकडा आणखी वर. एकदा तर वैतागून मी फ्रीजचं दार उघडून बघितलं, की झोपेत आपणच काही खातो की काय. डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझा आवाज चढलेला होता. तिने विचारायच्या आधीच मी म्हणून टाकलं, की मी रात्री काहीही खात नाही, हवं तर घराला कुलूप लावा.

ती म्हणाली, "खात नाही, मला माहीत आहे."

आई, हे वाक्य तुला कुणी म्हणायला हवं होतं.

तिने माझ्या दंडावर ती चकती लावली. तिच्यातून रात्रंदिवस साखरेची रेघ मोबाइलवर दिसते. दोन आठवड्यांनी ती रेघ तिने मला दाखवली. रात्रभर सपाट, शांत, आणि पहाटे, उजाडायच्या आधी हळूहळू वर चढत गेलेली. तिने सांगितलं, की पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं आणि उठून कामाला लागायला ताकद हवी म्हणून यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं शरीर ती लगेच आवरतं, आपलं आवरत नाही. जेवणात पीठ-साखर कमी केली तरी हा आकडा सगळ्यात शेवटी हलतो, आणि कुणाकुणाचा पूर्ण हलतच नाही. म्हणून एका आकड्यावर स्वतःला शिक्षा करायची नाही, उपाशी राहायचं नाही, तीन महिन्यांची सरासरी बघायची. रात्रीचं जेवण लवकर घ्यायचं, नंतर थोडं चालायचं, झोप पुरी करायची. मी तिच्यासमोर हसायलाच लागले. तिला वाटलं मला आनंद झाला. झालाच होता. साखर भिंतीतून येत नव्हती, तुझ्या आतूनच येत होती. पहाटे उठून एवढी कणीक तिंबायची म्हणून तुझं शरीर तुझ्याआधी कामाला लागत होतं.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला, रेघ दाखवली, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "म्हणजे ती खरंच खात नव्हती."

मी म्हटलं, नव्हती. पण मग श्रीखंड कसं कमी व्हायचं, ते मलाही कळत नाही.

"ते मी खायचो," बाबा म्हणाले.

मी खुर्चीत बसले. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि हळूहळू सांगितलं. रविवारी रात्री पाणी प्यायला उठले की दोन चमचे. दोनच, असं ते आजही म्हणतात. पण सकाळी पातेलं बघून त्यांना वाटायचं, की आपण एवढं काही खाल्लं नाही, उरलेलं हिने खाल्लं असणार. स्वतः खात होते म्हणून तूही खात असशील याची त्यांना खात्री होती. मग तू कुलूप आणलंस. त्या सोमवारी श्रीखंड होतं तेवढंच राहिलं आणि तुला सगळं उमगलं. तू काकूंना सांगितलं नाहीस, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. त्या दिवशी बाबांच्या ताटात तू काठोकाठ भरलेली वाटी ठेवलीस आणि म्हणालीस, "अहो, उजेडात खा."

"मला वाटलं, आता ही सगळ्यांना सांगणार," बाबा म्हणाले. "वाट बघत राहिलो. ती काही बोलली नाही." आणि मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघं टेबलाशी बसून हसत होतो, आणि मटार खाली गडगडत गेले.

त्या दिवसापासून रात्री लवकर जेवून आम्ही दोघं खाली सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतो. ते काठी टेकत, मी त्यांच्या चालीने. माझी तीन महिन्यांची सरासरी चांगली आली आहे. सकाळचा आकडाही उतरला, पण पुरता नाही, आणि आता त्याचं मला फारसं वाटत नाही. रोज सकाळी मी मोबाइल बघितला की बाबा पेपरातून मान वर न करता विचारतात, "किती?" मी सांगते. आकडा कितीही असो, ते "बरं" म्हणतात. काय खाल्लंस, असं एकदाही विचारत नाहीत.

हे लिहून कुठे टाकायचं नाही, बाबांनाही दाखवायचं नाही, म्हणून तुला सांगायला हरकत नाही. गेल्या गुरुवारी ऑफिसात एका मुलीचा वाढदिवस होता आणि केक अननसाचा होता. शुक्रवारी सकाळी बाबांनी ‘काय खाल्लंस’ असं विचारायला हवं होतं.