मागचं डावं चाक

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
मागच्या डाव्या चाकात हवा कमी. काल पंपावर तेहतीस भरली होती, आज एकतीस. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण लेकीने वाढदिवसाला दिलेला प्रेशर गेज खोटं बोलत नाही. रविवारी तिला विमानतळावर सोडायचंय. नवी नोकरी, नवं शहर. गाडी मीच चालवणार, हे घरात जाहीर केलंय. वाटेत तिच्याशी चार शब्द बोलायचेत. घरात बोलायला लागलो की माझं वाक्य ही, म्हणजे बायको, पूर्ण करते.
निश्चय : बुधवारच्या आत कारण शोधणे.

सोमवार, संध्याकाळी.
तीस. म्हणजे उभ्या गाडीतूनही जाते! गेज लावला की फुस्स असा उसासा येतो. बिचारं आतून फार त्रासलंय.
बाकी चाकं तपासली नाहीत. दोन भिंतीकडे आहेत, तिथे वाकवत नाही. तिसऱ्यावर माझा विश्वास आहे.

मंगळवार, ४ मार्च.
पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा नाही. म्हणाला, साहेब, चाक ठणठणीत आहे, घरी जा. माणसाला कामात रस नाही. तेहतीस भरून घरी आलो, लगेच मोजलं : बत्तीस. त्याला फोन करून कळवलं. त्याने बोलता बोलता फोन ठेवला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

बुधवार, ५ मार्च.
रजा टाकली. दर तासाला रीडिंग. हवा झपाट्याने उतरतेय, म्हणजे निरीक्षण अगदी योग्य वेळी सुरू केलं.
हिने खिडकीतून विचारलं, अहो, ताप आलाय का त्याला? दुर्लक्ष केलं.
मेहुण्याचा फोन. भाऊजी, भाचीला मी सोडतो, माझी गाडी मोठी आहे. म्हटलं, गाडी तुझी मोठी असेल, बाप मी आहे. जरा बरं वाटलं. मग खाली जाऊन मोजलं. बरं वाटलं होतं ते गेलं.

गुरुवार, ६ मार्च.
साबणाच्या फेसाने गळती सापडते म्हणतात. हिचा शांपू वापरला. इतके बुडबुडे आले की हवेचे कुठले आणि शांपूचे कुठले, कळेना. चाकाचा पोत सुधारला. हिचा मूड बिघडला.
खबरदारी म्हणून आजपासून स्टेपनीही मोजतोय.

शुक्रवार, ७ मार्च.
नवा व्हॉल्व्ह बसवून घेतला. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. स्टेपनीही उतरायला लागलीय. हे पसरतं!
लेक पायरीवर येऊन बसली. म्हणाली, बाबा, राहू दे ना, टॅक्सीने जाऊ. म्हटलं, टॅक्सीवाल्याशी काय बोलणार तू? तर म्हणे, तू तरी कुठे बोलतोयस, आठवडाभर चाकाशीच तर बसलायस. तिच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. पण तेवढ्यात रीडिंगची वेळ झाली.

रविवार, ९ मार्च. सकाळी.
पहाटे उठून पायपंपाने तेहतीस केली. गुडघा कामातून गेला. निघेपर्यंत धोका नको म्हणून दर पाच मिनिटांनी तपासत राहिलो. बॅगा खाली आल्या तेव्हा चाक चक्क बसलेलं. स्टेपनी त्याहून मऊ.
मेहुणा नुसता टाटा करायला आला होता म्हणे. सामान त्याच्या गाडीत गेलं. मागची सीट बॅगांनीच भरली. उरलेल्या कोपऱ्यात ही बसली, पुढे लेक. मला जागा नव्हती. तसंही कोणीतरी चाकापाशी थांबायला हवंच होतं.
निघताना लेकीने माझ्या हातातला गेज काढून घेतला. म्हणाली, हा मी नेते बाबा, नाहीतर तू... म्हणत तो पर्समध्ये टाकला. माझी आठवण म्हणून नेत असणार. काच वर गेली.

शुक्रवार, १४ मार्च.
सोमवारी पंपावर हवा भरून आणली. त्यानंतर गाडीकडे फिरकलो नाही. इच्छाच होत नव्हती. आज पुन्हा पंपावर गेलो, तर काटा जागच्या जागी. तेहतीस! चार दिवसांत कणभर हवा गेली नाही. चाक आपोआप बरं झालं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा हवामान.
रात्री लेकीचा फोन आला. आधी चाकाचीच चौकशी. म्हटलं, ठीक आहे. ती म्हणाली, मग झालं तर. तेवढ्यात हिने फोन घेतला.
मे महिन्यात येतेय. आणायला मीच जाणार, हे जाहीर केलंय. या खेपेला गाफील राहणार नाही. नवा डिजिटल गेज मागवलाय, उद्यापासून चारही चाकं, दर तासाला.