सोमवार-बुधवार-शुक्रवारची व्हॅन

मी, व्हर्ना टॉलिव्हर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त व्हॅनचालक, राहणार कॉटर्स बेंड, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मूत्रपिंडे मात्र दोन्ही निकामी आहेत. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाने करत नाही. घाईने करते आहे, एवढे खरे. आधीचे कोणतेही मृत्युपत्र नाही, कारण आधी मरायची निकड नव्हती.

कलम १. घर आणि मागची शेड बहिणीची मुलगी मार्लिस हिला द्यावी. तिने ती विकून टाकावी, इथे राहू नये. चाळीस मैलांत डायलिसिसची सोय नाही, आणि आता तिथवर नेणारे वाहनही राहणार नाही.

कलम २. हत्यारांची पेटी, जॅक आणि बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या बर्डी नॉक्स हिला. जिल्ह्याची रुग्णांची व्हॅन मी सव्वीस वर्षे चालवली. मग किल्ली बर्डीच्या हाती दिली आणि स्वतः मागे रुग्णांत जाऊन बसले. बर्डी ब्रेक उशिरा दाबते, हे तिला शंभरदा तोंडी सांगितले. आता लेखी सांगते.

कलम ३. हे कलम माझ्या चुकीचे. व्हॅनचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून चालतो. ती तरतूद राखणारे विधेयक आले, तेव्हा मी दारोदार हिंडून दोनशे बारा जणांकडून पाठिंब्याच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर विधेयकाचा क्रमांक मी माझ्या हाताने घातला. आमच्या विधिमंडळाची एक रीत आहे: क्रमांक तोच ठेवायचा, आतला मजकूर काढून दुसरा भरायचा. सुनावणीच्या आदल्या दिवशी तसेच झाले. नव्या मजकुरात खेड्यांतल्या सगळ्या व्हॅन आणि घरी येणाऱ्या परिचारिका बंद होत्या. अध्यक्षांनी वाचून दाखवले, "विधेयकाच्या बाजूने दोनशे बारा."

मी उठून ओरडले, "अहो, हे आमचं विधेयक नव्हे!"

"बाई, क्रमांक हाच लिहिलाय ना? मग बसा खाली."

ही रीत मला ठाऊक होती, तरी मी चिठ्ठ्या आधीच देऊन बसले. माझ्या शब्दावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची मी क्षमा मागते. ती मिळावी असे मला स्वतःलाही वाटत नाही.

कलम ४. आमचे आमदार ड्वेन हॉलिफिल्ड यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांच्या आईची मी नऊ वर्षे दवाखान्यात ने-आण केली. म्हातारी स्वभावाने गोड होती. सुनावणीनंतर मी ड्वेनला जिन्यात गाठले.

"ड्वेन, तुझ्या आईला कुणी नेलं असतं रे?"

"व्हर्नाताई, पुढच्या वर्षी बघू की. यंदा जरा कळ काढा."

"पुढचं वर्ष कुणी बघितलंय? व्हॅन थांबली की मला फार तर दहा दिवस."

"असं अभद्र बोलू नका हो," म्हणत ते जेवायला गेले. माझ्या अंत्यविधीला आले तर त्यांना भाषण करू देऊ नये. जेवायला मात्र घालावे. दारातून कोणाला उपाशी धाडायची आमच्यात पद्धत नाही.

कलम ५. विधिमंडळाच्या सर्व सभासदांना विनंती: व्हॅनचे पैसे आज संपले, पण अंतिम मतदान सोमवारी आहे, दुरुस्तीला अजून वाव आहे. व्हॅन परत घाला. घरी येणाऱ्या परिचारिका परत घाला. तुम्ही घालाल असे मला वाटत नाही. तरी मार्लिसने या कागदाची एकेक प्रत त्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर ठेवावी आणि उत्तराची वाट न पाहता घरी जावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: व्हर्ना टॉलिव्हर
ठिकाण: दवाखान्याबाहेरचा वाहनतळ, व्हॅनची शेवटची फेरी
शुक्रवार, २७ जून २०२५

साक्षीदार:
१. ओटिस फेन्टन, वय ७८, दुसरी रांग
२. क्लारिंडा युस्ट, वय ५९, व्हीलचेअरची जागा

खुलासा: वकिलांनी फोनवर बजावले होते, "साक्षीदार असे निवडा, जे तुमच्यामागे जगतील." जिला काही द्यायचे तिची साक्ष चालत नाही, म्हणून बर्डी बाद. तिच्याखेरीज माझ्यामागे जगेल असे व्हॅनमध्ये कोणीच नव्हते.