घर, बाग आणि माहेरचं दुखणं

त्या सकाळी गाईची धार काढून झाली होती, चुलीवर मक्याची भाकरी होती आणि मी हिझिरच्या कोटाचं बटण शिवत होते. नुरजिहान दारात येऊन म्हणाली, "आई, थुंकीसुद्धा गिळवत नाही. कानापर्यंत ठणकतंय." मी सुई न थांबवता म्हटलं, "लग्न ठरलं की मुलींना असंच होतं." तिला कोरोनाची लस घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

मी मुनीरे कारातेपे, हिझिरची विधवा, वय त्रेसष्ट, राहणार चालजा गाव, तुर्कस्तानातल्या गिरेसून शहराच्या वरच्या अंगाला. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा धाक नाही. शाळेत गेले नाही. मुलीच्या जुन्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. अक्षर वेडंवाकडं असलं तरी माझंच आहे. माझ्या मागे असं व्हावं.

घर आणि हेझलनटची बाग नुरजिहानची. ओढ्याकडची जुनी झाडं तोडू नयेत. फांद्या वाकवायचा आकडा आणि टोपल्याही तिच्याच.

तांब्याचा हंडा नणंद हव्वाला. "तो आमच्या आईचा," असं ती वर्षानुवर्षं म्हणते. तो तिच्या आईचा नाही, पण घेऊ दे. तिच्या भावाच्या, माझ्या हिझिरच्या, दफनाच्या दिवशी तिने मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि टोचलं असतं तर ते खरंच ठरलं असतं.

का, ते लिहिते. नुरजिहानच्या लसीच्या रांगेत नर्सने विचारलं, "घरात कुणाला गळ्याच्या ग्रंथीचं काही?" मागे होणारी विहीण, सकिने, उभी. मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे ठणठणीत." माझ्या आईची मान तापानंतर सुजली होती, मावशीची बाळंतपणानंतर. मला बघायला बायका आल्या तेव्हा आईने माझा डोक्याचा रुमाल हनुवटीपर्यंत घट्ट बांधला. "गळा झाक आणि पाहुण्यांच्या कॉफीवर चांगला फेस आण, बाकी अल्लाह बघेल."

नुरजिहानला मी दातांच्या डॉक्टरकडे नेलं, मग घशाच्या गोळ्या दिल्या. तिची छाती धडधडायची, वजन उतरत गेलं. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींचं रक्त तपासलं. पुढच्या खेपेला, मुलगी औषध आणायला गेली असताना त्या म्हणाल्या, "ग्रंथीला सूज आहे. काहींच्या रक्तातच अशी ठेवण असते. त्यांना साध्या तापानेही होतं, क्वचित लसीनेही. हिची तुमच्याकडून आली आहे."

"आधी सांगितलं असतं तर लस दिली नसती?"

"दिलीच असती, मावशी. फक्त दुखायला लागल्यावर दातांमागे धावला नसतात."

मुलगी औषधाने बरी झाली. पण तोवर मी गावभर सांगून बसले होते की लस विष आहे. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी कुणाला सांगितलं नाही, हिझिरलाही नाही. लग्न तोंडावर होतं. त्याने लस घेतली नाही म्हणून चहाच्या दुकानात त्याला लोक चिडवायचे. तो म्हणायचा, "मुनीरे नको म्हणते ना, राहू दे. इतकी वर्षं तिचं ऐकून मेलो नाही." त्या हिवाळ्यात तो साथीत गेला. माझ्या माहेरचं रक्त त्याच्यात नव्हतं, लसीला भ्यायचं त्याला कारणच नव्हतं.

सोन्याच्या बांगड्या नात एस्माच्या. तिला अजून एकही लस मिळालेली नाही. सकिने म्हणते, "सुनेचं काय झालं ते पाहिलंय. नातीच्या अंगाला सुई लागू देणार नाही." नुरजिहान माझ्याच तोंडचं ऐकून भ्यायली आहे. खालच्या खोऱ्यात गोवर आला आहे.

विहीणबाई, हा कागद उघडेल तेव्हा ऐका. दुखणं माझ्या घरचं होतं आणि ते मी तुमच्यापासून लपवलं. एस्माला लसी द्या. डॉक्टरांना गळ्याचं आधी सांगा. रागवायचं ते माझ्या कबरीवर येऊन रागवा.

सही: मुनीरे कारातेपे
साक्षीदार: यशार तुझजू, शेजारी, फेहमी ओझान, चहावाला
चालजा, ७ एप्रिल २०२५

खाली जागा उरली म्हणून लिहिते. सही करून यशार म्हणाला, "वहिनी, हे उघडायला आधी तू मरायला हवीस. गोवर तोवर थांबणार आहे का?" दुसऱ्या दिवशी मी हा कागद घेऊन सकिनेच्या घरी गेले आणि तिच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला.