घर सोडायची शपथ

४ ऑगस्ट २०१०, मोडेस्टो
आलो एकदाचे! माझं घर बँकेने लिलावात काढलं तेव्हा असली सरकारी योजना नव्हती. टटल नवराबायकोचं नशीब थोर. घराचे भाव पडले, विकून कर्ज फिटेना, तरी या योजनेमुळे बँकेने येईल त्या किमतीला विक्री मान्य केली. त्यांचा लिलाव टळला, आम्हाला घर मिळालं. फक्त पुन्हा इथे राहणार नाही अशी त्या दोघांनी लेखी शपथ घ्यायची. धुण्याच्या खोलीत टटलने जाताजाता जमिनीला नवं काँक्रीटही घातलंय. भला माणूस. माझी आठ वर्षांची ब्रिन प्रत्येक खोलीत लोळून आली. आता हिला घेऊन पुन्हा मोटेलात राहायला जाणार नाही, काय वाट्टेल ते होवो.

९ ऑगस्ट
शेजारच्या ओहेदाबाई पीच घेऊन आल्या. टटलची बायको मार्लिस आता कुठे असते, मीच विचारलं. ती कसली जाते, म्हणाल्या. मेले तरी इथून हलणार नाही असं अंगणात उभी राहून ओरडायची. मग एक दिवस टटल म्हणाला, बहिणीकडे गेली. गाडी इथेच ठेवून. बाईंना नसत्या चौकशा फार.

१३ ऑगस्ट
ब्रिन सारखी धुण्याच्या खोलीत बसून बोलत असते. कुणाशी, विचारलं, तर म्हणे मार्लिसबाईंशी. हे नाव मी तिच्यासमोर काढलेलं नाही.

१५ ऑगस्ट
टटलला फोन केला. रडायलाच लागला. तिच्या शपथेवर सही मीच केली म्हणाला, ती हटून बसली होती, घर रिकामं केल्याशिवाय योजना लागू होत नव्हती. आणि फोन ठेवला. ते काँक्रीट—
भीती वाटते. पण पोलीस आले तर घर जाणार. पुन्हा मोटेल. उद्या बघू.

१६ ऑगस्ट
ब्रिन जेवत नाही. मार्लिसबाईंना बाहेर पडायचंय म्हणे, पण घर रिकामं सोडवत नाही. त्यांच्या जागी कुणी थांबलं तरच जातील. तू काय म्हणालीस, मी विचारलं.
थांबते म्हणाले, असं सांगून हसली.

१७ ऑगस्ट
खड्ड्यात गेलं घर. पोलिसांना फोन केला. ब्रिनला उचलून गाडीत घातलं, दारं लावून घेतली. ते येईपर्यंत लिहीत बसते, नाहीतर वेड लागेल. ती मागे बसली आहे. 
धुण्याच्या खोलीच्या खिडकीवर कुणी थापा मारतंय— आई, आई म्हणून— आवाज ब्रिनचा—
मग मागे कोण—
मागची म्हणतेय, चल आता, सोडलं मी घर, आणि तिचा हात माझ्या