शीतलच्या सासूचा केक

२० नोव्हेंबर २००३
पुण्याहून शीतलचं पत्र. दोन वर्षांनी लेकीला बापाची आठवण आली! नाताळाला येते म्हणे, नवऱ्यासकट. डेनिसची आई मार्चमध्ये वारली, तिच्याशिवाय त्या घरात नाताळ नको वाटतो. सोबत सासूच्या केकची कृती. महिनाभर आधी करायचा, रममध्ये भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचा. तिच्या लग्नात माझं काहीएक चुकलं नव्हतं. तरी केक मी करणार. जावयासाठी नाही. मला जमतो हे दाखवायला.

२१ नोव्हेंबर
रम! पंचशील पाळणाऱ्या घरात! लिहिताना पोरीला काहीच कसं वाटलं नाही? मनुका आणि टुटीफ्रुटी मोसंबीच्या रसात भिजवली. शीतलची आई म्हणाली, मंग टिकंल कसा? हे मला विचारते! अठ्ठावीस वर्षं हिंगोलीच्या मोंढ्यात धान्याचं गोदाम सांभाळलंय. टिकवणं मला कुणी शिकवू नये.

२३ नोव्हेंबर, रविवार
बसस्टँडमागच्या बेकरीत भाजायला नेला. नानकटाईचे ट्रे आधी, आपण मागून. दोन तास ताटकळलो. वर बेकरीवाला म्हणतो, चाचा, ये केक है के ईंट? चांगला झापला त्याला. घट्ट असेल तोच टिकतो, एवढं कळत नाही आणि म्हणे बेकरी चालवतो.

२४ नोव्हेंबर
केक फडक्यात बांधून गव्हाच्या कोठीत ठेवला. खाली-वर कडुनिंबाचा पाला, चार-चार बोटं. या पाल्यापुढे आमच्या गोदामात किड्याची हिंमत झाली नाही. शीतलची आई म्हणाली, अवो, गहू धुऊन दळतेत, केक कसा धुता? काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात. दर रविवारी केकवर चार चमचे मोसंबीचा रस सोडायचा. ठरलं.

३० नोव्हेंबर
कोठी उघडली नाही. सारखं उघडलं की हवा लागते. रस मी प्यालो.

१४ डिसेंबर
शेजारचा भिवाजी विचारतो, जावई येऊन राहिले म्हणे? डोकंच फिरलं. गल्लीभर बोंब कुणी मारली? मी फक्त भिंतींना चुना मारून घेतला, नवी गादी भरली आणि सहा कपबशा आणल्या. एवढ्यावरून लोक वाटेल ते तर्क करतात.

२४ डिसेंबर, रात्री
उद्या त्याच्याशी चारच शब्द बोलायचे. या. बसा. जेवा. निघा.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
आले. तो पाया पडला. मी 'या' म्हणालो, पुढचे तीन आठवेनात.

केक कापला. रंग झकास होता. शीतलने घास घेतला आणि मोरीकडे पळाली. तिची आई ओरडली, कडूजहर झालाय वो, त्यांना देऊ नका! तोवर डेनिसने तुकडा संपवत आणला होता. पाण्याचा घोट नाही. मला संताप आला. कडू लागत नाही का, म्हणून विचारलं. लागतो, म्हणाला. मग गिळतोस कशाला? तर म्हणे, तुम्ही माझ्यासाठी केलात, बाबा.

साफ खोटं. पण तुझ्या आईचा कसा लागायचा, एवढंच विचारलं.

तो हसला. तुम्हाला माहीत आहे की, म्हणाला. लग्नात आईने स्वतः तुम्हाला बशी आणून दिली होती ना. शीतलच्या बाबांना माझा केक फार आवडला, असं ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची. म्हणून तर शीतलने कृती पाठवली.

मंडपाच्या कोपऱ्यात ती बाई बशी धरून उभी होती. मी हात मागे घेतला होता, तोंड फिरवून सरळ गाडीत जाऊन बसलो होतो. आणि तिने घरी जाऊन हे सांगितलं!

मी हो म्हणालो. फार छान होता, म्हणालो.

आता चिडायचं कुणावर?